काजताई आणि तिकडचं गाव

काजताई लिफ्टला घाबरायची, कुत्र्यांना घाबरायची, फोन वाजला की घाबरायची आणि बराच वेळ वाजला नाही तरी घाबरायची. कारखान्याच्या जिन्यात कुणी मागून नुसतं 'अगं' म्हटलं तरी तिच्या हातातला डबा खाली पडायचा. त्या डब्याला इतके पोचे आले होते की झाकण बसायचं नाही, ती वरून रबर लावायची. अशा बाईनं आम्हाला पावणेदोन वर्षं भुताखेतांच्या गोष्टी वाचून दाखवल्या हे बाहेर सांगितलं तर लोकांना पटत नाही. म्हणून पहिल्यापासून सांगते.

आमचा शर्टांचा कारखाना. कारखाना आपलं म्हणायचं. एका जुन्या इमारतीचा दुसरा मजला, उत्तरेकडे सात उंच खिडक्या आणि एकवीस मशीनं. मी कॉलरला बसायचे. माझ्या मागच्या रांगेत, शेवटच्या खिडकीशी, काजाच्या मशीनवर ती. म्हणून काजताई. बटण चुकीच्या जागी लागलं तर उसवून पुन्हा लावता येतं. काजाचं तसं नसतं. मशीन आधी दोन्ही बाजूंना टाके घालतं आणि मग मधोमध पातं पडतं, खट्. पातं एक दोरा इकडचं तिकडे पडलं की शर्ट गेला. दिवसाला तीनशे शर्ट तिच्या हाताखालून जायचे. अकरा वर्षांत तिच्या हातून चार शर्ट गेले होते आणि ते चारही तिला तारीखवार पाठ होते.

"चुकेल या भीतीनंच चुकत नाही गं," ती म्हणायची. "मी जर धीट असते ना, तर रोज एक फाडला असता."

घरी ती आणि सासूबाई, दोघीच. नवरा ट्रकवर, गेला की पंधरा-वीस दिवस येत नसे. मूलबाळ नव्हतं. सासूबाईंना हल्ली विसरायला व्हायचं. सकाळचा चहा घेऊन कप विसळून ठेवायच्या आणि 'आज चहा नाही का' म्हणून विचारायच्या. शेजारची बाई दिवसातून दोनदा डोकावून जायची, तेवढ्यावर चाललं होतं.

पुस्तक तिला बसमध्ये सापडलं. शेजारच्या सीटवर कुणीतरी विसरलेलं. तिनं ते उघडूनही पाहिलं नाही, उतरताना कंडक्टरच्या हातात दिलं. महिन्याभरानं तोच कंडक्टर भेटला. म्हणाला, "ताई, तुमचं ते पुस्तक न्यायला कुणी आलं नाही. डेपोत उंदीर कुरतडतील. घेऊन जा." ती नको नको म्हणत असताना त्यानं तिच्या पिशवीत घातलंसुद्धा.

पुस्तकाला पुढचं कव्हर नव्हतं, मागचं नव्हतं, सुरुवातीची पानंही गेलेली. नाव नाही, लिहिणाऱ्याचा पत्ता नाही. पान नऊवर एकदम गोष्ट सुरू. गोष्टीत एक लाँड्रीवाला होता, म्हणून तिला वाटलं आपल्याच धंद्यातलं काहीतरी आहे. दुपारच्या सुट्टीत डबा झाल्यावर ती खिडकीपाशी वाचत बसली. प्रेसवाली, म्हणजे आमच्याकडे शर्टांना इस्त्री करायची ती, बाजूला पाय पसरून बसली होती.

"काय गं एवढं वाचतेस? मोठ्यानं वाच, आम्हालाही कळू दे," ती म्हणाली.

काजताई मोठ्यानं वाचायला लागली. लाँड्रीवाल्याकडे दर सोमवारी गाठोड्यात एक जास्तीचा शर्ट यायचा. ओला. हात लावला तर ऊबदार, आत्ताच कुणी अंगातून काढल्यासारखा. चाखून पाहिलं तर खारट. आणि त्या गावापासून समुद्र चार दिवसांच्या वाटेवर. लाँड्रीवाला तो धुवायचा, वाळवायचा, घडी करून ठेवायचा. शनिवारपर्यंत शर्ट नाहीसा झालेला असायचा. एका सोमवारी शर्ट आला तो कोरडा, आणि त्याच्या कॉलरच्या आत, गिऱ्हाइकाची ओळख म्हणून मार्क घालतात तिथे, लाँड्रीवाल्याच्या स्वतःच्या कपड्यांचा मार्क घातलेला. गोष्ट तिथेच संपली.

पंखे चालू होते, मशीनं बंद. समोर गठ्ठ्यांमध्ये चारशे शर्ट पडले होते आणि त्यांच्याकडे बघायची आमची कुणाची हिंमत होईना. पहिली बोलली ती प्रेसवाली.

"समुद्राच्या पाण्यानं कापडाला पांढरी कड येते. ती एका धुण्यात जात नाही. लिहिणाऱ्याला धुण्यातलं काही कळत नाही."

सगळ्या हसल्या. मी काजताईकडे पाहिलं. मला वाटलं होतं ही आता रडेल, पुस्तक खिडकीबाहेर टाकेल. ती गालावर हात ठेवून बसली होती. तोंडावर लाली आलेली, लहान मुलीला झोक्यावरून उतरवल्यावर असते ना, तशी.

"भीती वाटली ना गं?" मी विचारलं.

"वाटली ना," ती म्हणाली. "छान वाटली."

नंतर कधीतरी तिनं मला त्याचा अर्थ सांगितला. तिची नेहमीची भीती कधी सुरू होते, कधी संपते तिचं तिलाच कळत नसे. पुस्तकातली भीती पान नऊला सुरू झाली आणि पान वीसला संपली. मधल्या वेळात दुसरी कुठलीच भीती आली नाही, जागाच नव्हती.

त्या दिवसापासून नियमच झाला. अर्ध्या तासाची सुट्टी. बारा मिनिटांत डबा संपवायचा, अठरा मिनिटं गोष्ट. पूर्वी आम्ही सुट्टीत एकमेकींच्या सासवा, नणंदा, पाठदुखी यावर बोलायचो. ते बंद पडलं. आठवड्याभरात लक्षात आलं की गोष्टी निरनिराळ्या असल्या तरी गाव एकच आहे. लाँड्रीवाल्याच्या गल्लीच्या टोकाला जो न्हावी होता त्याचीच तिसरी गोष्ट निघाली. त्याच्या दुकानातला आरसा जरा मागं राहायचा. गिऱ्हाइकानं मान वळवली की आरशातला माणूस श्वासभर थांबून मान वळवायचा. न्हाव्याला त्याची सवय झालेली. पण एका दुपारी आरशातला न्हावी आधी वळला, आणि दाराकडे बघायला लागला. खुर्चीपाशी उभ्या असलेल्या न्हाव्याला अजून काहीच ऐकू आलं नव्हतं.

एक गोष्ट पोस्टाच्या जिन्याची. चढताना एकोणीस पायऱ्या, उतरताना वीस. एक फोटो स्टुडिओची. तिथे कुटुंबाचा फोटो काढला की मागच्या रांगेत अजून न जन्मलेली माणसं उभी दिसायची, आणि एका जोडप्याच्या मागं कुणीच दिसलं नाही. ती वाचताना काजताईचा आवाज बारीक झाला, पण तिनं थांबून पाणी घेतलं आणि पुरी केली. एक गोष्ट तर नुसती हसवणारी. एका खोलीत राहणारं भूत नव्या भाडेकरणीला घाबरून घरमालकिणीकडे तक्रार घेऊन जातं, की ही बाई झोपेत गुणगुणते, मला फार भीती वाटते, माझी खोली बदला. त्या दिवशी शेवटच्या रांगेतली मुलगी हसता हसता स्टुलावरून पडली.

आम्ही त्या गावाला 'तिकडे' म्हणायला लागलो. "तिकडे आज काय झालं?" "तिकडचा पोस्टमास्तर मला आधीपासूनच लबाड वाटत होता." उशिरा आलेल्या बाईला सांगावं लागे की तू नव्हतीस तेव्हा तिकडची दोन माणसं मेली.

कटिंगचे मास्तर आमच्यात बसत नसत. साठीला आलेला, कमी बोलणारा माणूस. आपल्या लांबलचक टेबलाच्या टोकाशी पाठ करून डबा खायचे. आम्हाला वाटायचं यांचं लक्ष नाही. एकदा प्रेसवाली आणि मी भांडत होतो. ती म्हणे, पोस्टातून लाँड्रीकडे जायला पूल ओलांडावा लागतो. मी म्हणे, नाही लागत.

"लागतो," मास्तर पाठमोरेच म्हणाले. "चौथ्या गोष्टीत पोस्टमन पुलावरून येतो आणि त्याच्या उजव्या हाताला न्हाव्याचं दुकान आहे. न्हाव्याचं दुकान लाँड्रीच्या गल्लीत. म्हणजे पूल मध्ये आला."

दुसऱ्या दिवशी त्यांनी टेबलावर खाकी कागद पसरला, शर्टाचे नमुने ज्यावर काढतात तो, आणि पेन्सिलीनं गाव आखायला घेतलं. पट्टी, गोलाई काढायची लाकडी पट्टी, मार्किंगचा खडू, सगळं घेऊन. नदी त्यांनी बाहीच्या गोलाईवरून काढली. पूल, घड्याळाचा मनोरा, पोस्ट, स्टुडिओ. जे पुस्तकात पक्कं सांगितलेलं ते पेन्सिलीनं, जे आम्ही धरून चाललो ते खडूनं, म्हणजे पुसता येईल असं. नकाशा भिंतीवर लागला. त्यानंतर मास्तर आमच्याकडे तोंड करून जेवायला लागले.

काजताईचं मात्र वेगळंच काहीतरी चाललं होतं. ती मला सांगायची, "शर्टाची पुढची पट्टी मशीनखाली घेतली की मी पुलावर असते बघ. पहिलं काज, दुसरं काज, तिसऱ्याला मी घड्याळापाशी येते. कॉलरचं झालं की लाँड्रीची गल्ली. दुपारचं ऊन असतं, कुणीच नसतं रस्त्यात. दुकानांची दारं उघडी. मला माहीत आहे ना कुठल्या दारात काय आहे. म्हणून भीती वाटत नाही. म्हणजे वाटते, पण ओळखीची वाटते." तिच्या मशीनचा आवाजही बदलला होता. पूर्वी तो तुटक यायचा, दचकत. आता एका लयीत यायचा, कुणी निवांत चालत गेल्यासारखा. मी कॉलर उलटवता उलटवता तो ऐकत बसायचे आणि मलाही कधी कधी त्या रिकाम्या रस्त्यावरचं ऊन दिसायचं.

संध्याकाळी पाच-साडेपाचला घरी गेली की ती भाजी चिरता चिरता सासूबाईंना तीच गोष्ट सांगायची. सासूबाई खिडकीशी खुर्चीत. आधी त्या नुसत्या ऐकायच्या. एकदा मध्येच म्हणाल्या, "त्या पुलाखालीच आमचं दुकान."

"कुठलं दुकान, आई?"

"बाबांचं. छत्र्यांचं. घड्याळासमोर."

"आई, ते पुस्तकातलं गाव आहे. खरं नाही ते."

सासूबाई खिडकीबाहेर बघायला लागल्या. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. तिसऱ्या दिवशीही. काजताई दर वेळी समजावायची, की आई, तुम्ही गोंधळताय. एकदा सासूबाईंनी इतक्या अजिजीनं तिच्याकडे पाहिलं, 'तू म्हणतेस तर नसेल बाई' अशा आवाजात काहीतरी बोलल्या, की हिनं चाकू खाली ठेवला आणि विचारलं, "बरं, दुकानात काय काय व्हायचं सांगा."

मग सासूबाईंनी जी गोष्ट सांगितली ती अशी. एक गिऱ्हाईक दर वर्षी एकच छत्री घेऊन यायचं. काळी, लांब दांड्याची. दुकानात ती कधी उघडू द्यायचं नाही. एकदा तो माणूस बाहेर गेलेला असताना बाबांनी उघडली, तर आत पाऊस पडत होता. छत्रीच्या आत. वरून कापड कोरडं ठणठणीत, आणि खाली दांड्यावरून पाणी वाहतंय. बाबांनी मागचा-पुढचा विचार केला नाही, छत्री उलटी धरून आतून ठिगळ लावलं. बारीक टाके, मेण लावलेला दोरा. पाऊस थांबला. माणूस छत्री घेऊन गेला आणि आठव्या दिवशी रडत परत आला. म्हणाला, तो आवाज गेला, आता मला झोप येत नाही. ते ठिगळ काढून द्या. बाबांनी उसवून पाहिलं, पण पाऊस काही परत आला नाही.

काजताईनं ही गोष्ट आम्हाला वाचून दाखवली. हो, वाचून. पुस्तक समोर धरून, मध्ये पान उलटून. त्या दिवशी मी रडले. माझे वडील घोरायचे आणि ते गेल्यावर माझ्या आईला सहा महिने झोप लागत नव्हती. मला तेच आठवलं आणि सगळ्यांसमोर डोळ्याला पदर लावला.

त्यानंतर छत्रीवाल्याच्या दुकानाच्या आणखी दोन गोष्टी झाल्या. मास्तरांना दुकान नकाशावर घालायचं होतं. पेन्सिलीनं की खडूनं, हे ठरवायला त्यांनी पुस्तक मागून घेतलं. सुट्टी संपत आली तरी ते पानं उलटत होते. मग काजताईच्या मशीनपाशी येऊन हळू आवाजात म्हणाले, "बाई, छत्रीचं यात कुठे नाही."

काजताईचा चेहरा पांढरा पडला. "नाही मास्तर. ते आमच्या सासूबाईंचं आहे. त्यांना वाटतं तिथे त्यांच्या वडलांचं दुकान होतं. मला सांगतात. मला वाटलं, आमच्या घरातलं म्हणून सांगितलं तर कुणी ऐकायचं नाही."

मास्तरांनी चष्मा पुसला. "पुलाच्या कुठल्या बाजूला?"

"काय?"

"दुकान. पुलाच्या अलीकडे की पलीकडे? खडूनं का होईना, घालायला तर पाहिजे. आणि या बायकांना सांगून टाका. खरं-खोटं असं मिसळून ठेवू नये, कापड कुठलं आणि अस्तर कुठलं ते माहीत असावं."

तिनं दुसऱ्या दिवशी सांगितलं. प्रेसवाली म्हणाली, "मग काय झालं? पुढची कधी आहे?" बाकीच्याही काही म्हणाल्या नाहीत. मी म्हणाले. मी म्हणाले की मी त्या गोष्टीला रडले होते आणि तू पान उलटल्याचं नाटक करत होतीस. तीन दिवस मी डबा घेऊन जिन्यात बसले. आता सांगायला लाज वाटते, पण तेव्हा माझा अगदी तिळपापड झाला होता. चौथ्या दिवशी काजताई जिन्यात आली, माझ्या खालच्या पायरीवर बसली आणि म्हणाली, "सासूबाईंना विचारलं. दुकान पलीकडे, घड्याळासमोर, न्हाव्याला लागून. आणि त्या विचारत होत्या, ती रडलेली मुलगी कशी आहे." मी बेचाळीस वर्षांची होते. उठले आणि तिच्याबरोबर आत गेले.

पुढे दोनेक महिन्यांनी, सकाळी साडेअकराच्या सुमारास सुपरवायझरबाईंच्या टेबलावरचा फोन वाजला. काजताईच्या शेजारणीचा. दार उघडं आहे आणि आजी घरात नाहीत. गल्लीत पाहिलं, दुकानात पाहिलं, कुठेच नाहीत.

काजताईनं फोन ठेवला. ती आता मटकन खाली बसणार म्हणून मी पुढे झाले, तर ती मशीन बंद करून नकाशापुढे जाऊन उभी राहिली. बोट पुलावर ठेवून म्हणाली, "काल दोनदा म्हणाल्या, बाबांना डबा द्यायचाय. मी म्हटलं, उद्या देऊ." मग आमच्याकडे वळली. "आपल्याकडे पुलापाशी घड्याळ आणि सलून कुठे आहे?"

शहरात पूल तीन. प्रेसवालीचं माहेर जुन्या गिरणीमागचं. ती लगेच म्हणाली, "गिरणीच्या मागच्या पुलाशी बंद पडलेलं घड्याळ आहे. कोपऱ्यावर सलून. पण ताई, आपला नकाशा तर..."

"माहीत आहे," काजताई म्हणाली. "दुसरीकडे कुठे बघू?"

आम्ही तिघं निघालो, ती, मी आणि मास्तर. पंधरा मिनिटांचा रस्ता, ऊन चढलेलं. काजताई पुढे. पुलाच्या तोंडाशी दोन दांडगी कुत्री आडवी पसरली होती, ती त्यांच्या मधून गेली. त्यांनी मान वर करून पाहिलं, तिनं पाहिलंसुद्धा नाही. पुलाखाली सावली होती, ओल्या सिमेंटचा वास होता. भिंतीला टेकून बॅगा दुरुस्त करणारा एक माणूस बसला होता, आणि त्याच्या शेजारी उलट्या खोक्यावर सासूबाई. मांडीवर डबा. त्या त्याला सांगत होत्या की दोऱ्याला मेण लावल्याशिवाय शिवू नकोस, पाणी आत जातं.

"मघापासून शिकवतायत मला," तो माणूस म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता.

सासूबाईंनी काजताईला पाहिलं. "आलीस? बाबा आत्ताच बाहेर गेलेत. बस."

मला वाटलं, आता ही त्यांचा दंड धरेल, घरी चला म्हणेल. काजताई जमिनीवर बसली, त्यांच्या पायाशी.

"कधी येतील?"

"येतील की. गिऱ्हाइकाकडे गेलेत."

मग आम्ही सगळेच बसलो. मास्तर कुठूनतरी चहा घेऊन आले. वरून गाड्या जात होत्या आणि त्यांचा आवाज खाली येईपर्यंत मऊ होऊन जायचा. माणसं पुलाच्या एका तोंडानं उन्हातून आत यायची, आमच्यासमोरून सावलीसारखी जायची आणि दुसऱ्या तोंडाला पुन्हा माणसं व्हायची. सासूबाई प्रत्येकाकडे बघायच्या. अर्धा तास तरी गेला असेल. मी कामाचं विसरले होते. शेवटी त्या स्वतःच उठल्या, डबा काजताईच्या हातात दिला आणि म्हणाल्या, "चल. आता नाही यायचे ते."

डबा रिकामाच होता.

त्या संध्याकाळी नवऱ्याचा फोन आला तेव्हा काजताईनं त्याला सगळं सांगितलं. तो म्हणाला, "आजोबांचं दुकान होतं ना तिथे. गिरणीच्या पुलाखाली, छत्र्यांचंच. माझ्या जन्माआधी बंद झालं. मला वाटलं तुला माहीत असेल."

दुसऱ्या दिवशी तिनं हे आम्हाला सांगितलं आणि बराच वेळ हातातल्या कापडाच्या तुकड्याला इकडून तिकडून घड्या घालत राहिली. "त्यांना खरं आठवत होतं, आणि मी म्हणत होते, आई, ते पुस्तकातलं आहे."

मास्तर म्हणाले, "घड्याळ आणि न्हावी कुठल्याही पुलापाशी असतात. तुम्हाला कसं कळणार?" पण ते नकाशाकडे गेले, खडूची रेघ पुसली आणि छत्रीचं दुकान पेन्सिलीनं काढलं. "आणि पावसाचं काय?" प्रेसवालीनं विचारलं. "छत्रीत पाऊस पडायचा ते?" काजताई म्हणाली, "ते मी विचारलं नाही. विचारणारही नाही."

सुपरवायझरबाई कडक, पण मनानं बरी. सासूबाईंना एकटं ठेवायचं नाही म्हटल्यावर तिनं काजाच्या मशीनशेजारी, खिडकीत, एक खुर्ची ठेवू दिली. सासूबाई पहिल्यांदा आल्या तेव्हा नकाशापुढे बराच वेळ उभ्या राहिल्या. "पूल इतका सरळ नव्हता," म्हणाल्या. मास्तरांनी तो लगेच किंचित वाकवला. मग त्या खुर्चीत बसून धाग्याची टोकं कापायला लागल्या. सुरेख कापायच्या. दुपारी गोष्ट चालू झाली की कात्री मांडीवर ठेवायच्या.

पुस्तकात एकच गोष्ट उरली होती. ती आम्ही पुढे ढकलत होतो. कधी कुणी रजेवर असायची, कधी ढगांनी अंधारलेलं असायचं. शेवटी एका स्वच्छ दुपारी सासूबाईच म्हणाल्या, "वाच गं, कशाची वाट बघतेस?" काजताईनं वाचली. एक माणूस सकाळच्या गाडीनं त्या गावात चुकून उतरतो. स्टेशनवर हमाल त्याचं नाव घेऊन हाक मारतो. न्हावी त्याच्यासाठी खुर्ची रिकामी ठेवून थांबलेला. लाँड्रीत त्याच्या मापाचा शर्ट तयार, पोस्टात त्याच्या नावाची जुनी पत्रं. त्याला एका घरात नेतात, तिथे त्याचं ताट वाढलेलं. तो संध्याकाळच्या गाडीनं परत जाणार असतो. आरशात तोंड धुताना त्याला आठवेनासं होतं की कुठे परत जाणार होतो. बाहेर गाडीची शिट्टी होते, आणि तो विचारतो, ही कसली शिट्टी?

काजताईनं पुस्तक मिटलं. आम्ही सगळ्या आपापल्या हातांकडे बघत बसलो होतो.

"बरं झालं बाई," सासूबाई म्हणाल्या. "सोय लागली त्याची."

सासूबाई त्यानंतर वर्षभर होत्या. तेवढ्या काळात तेच पुस्तक आम्ही पान नऊपासून पुन्हा वाचलं. एका सकाळी चहा झाल्यावर खुर्चीतच गेल्या. काजताई तेव्हा त्यांचे केस विंचरत होती. तिनं वेणी पुरी घातली आणि मग शेजारणीला हाक मारली. नवरा तीन दिवसांनी पोचला. तोपर्यंत आम्ही पाळीपाळीनं तिच्याकडे राहिलो. माझ्या पाळीला मी तिला विचारलं, "घाबरलीस का गं?" तर म्हणाली, "वाटलं होतं घाबरेन. वेणी घालताना माझा हात हलका चालत होता, तेवढं कळलं."

कामावर परत आली तेव्हा तिच्या हातात नवीन पुस्तक होतं. आयुष्यात पहिल्यांदा ती पुस्तकाच्या दुकानात शिरली होती. दुकानदाराला म्हणाली, भीतीच्या गोष्टी द्या, पण सगळ्या एकाच गावातल्या. त्यानं पुष्कळ शोधलं. तसलं काही मिळालं नाही, म्हणून त्यानं एक जाडजूड पुस्तक दिलं, निरनिराळ्या गावांतल्या, निरनिराळ्या माणसांनी लिहिलेल्या गोष्टींचं.

पहिल्या दोन गोष्टी ऐकल्या आणि प्रेसवाली वैतागली. "दर गोष्टीला नवीन गाव. आता कुठे रस्ता ओळखीचा होतोय तर उठा, चला. सामान कुठे कुठे न्यायचं माणसानं?"

तिसरी गोष्ट एका थंड डोंगरातल्या हॉटेलाची होती. काजताईनं पहिली दोन वाक्यं वाचली, थांबली, आणि मास्तरांकडे पाहिलं. मास्तरांनी डब्याचं झाकण लावलं, हात पुसले आणि नकाशापाशी गेले.

"पोस्टाच्या मागे जागा आहे," ते म्हणाले. "डोंगर नाही बसायचा. टेकडी चालेल का?"

"चालेल," काजताई म्हणाली. "टेकडीच होती असं धरू." आणि पुढे वाचायला लागली.